जमिनीखालचं पाणी का वाचत नाही

प्रश्न असा आहे: भारतासारख्या देशाच्या पर्यावरणीय शाश्वततेच्या आड येणारे सामाजिक आणि संस्थात्मक अडथळे नेमके कोणते, आणि निधी व तंत्रज्ञान दोन्ही असूनही ते का हटत नाहीत?

जंगल, हवा, नद्या, कचरा हे सगळं एका उत्तरात आणलं तर हाती फक्त यादी उरेल. मी भूजलाच्या क्षेत्रात काम करतो. नोकरीचा बहुतेक काळ मराठवाडा आणि नगर-सोलापूरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात विहिरींची पातळी मोजण्यात, पाणलोटाचे नकाशे करण्यात आणि ग्रामसभांमध्ये बसण्यात गेला. म्हणून उत्तर भूजलापुरतंच देतो.

माझं म्हणणं आधी सांगतो. भूजलाबाबत आपल्याकडे माहिती पुरेशी आहे. पैसाही बऱ्यापैकी येतो. पाणी खाली चाललंय हे शेतकऱ्याला माझ्यापेक्षा आधी कळतं, कारण मोटर त्याची हवा ओढू लागते. नाही ती अशी एकही जागा, जिथे बसून कोणी ‘यंदा या गावात एवढंच पाणी उपसायचं’ असं ठरवू शकेल आणि ते पाळलं जाईल. कायदा, वीज, कर्ज, बाजार आणि सरकारी खाती ही सगळी यंत्रणा विहीर एकट्याची आहे असं धरून चालते. खडकातलं पाणी मात्र सगळ्यांचं मिळून एकच असतं.

भारत दरवर्षी सुमारे २४० अब्ज घनमीटर भूजल उपसतो. जगभरात जेवढं भूजल उपसलं जातं त्याचा हा जवळपास चौथा हिस्सा. अमेरिका आणि चीन या दोघांचा उपसा एकत्र केला तरी तो आपल्याइतका होत नाही. यातलं सुमारे ८७ टक्के पाणी शेतीला जातं. हरितक्रांतीनंतर देशाचं सिंचन कालव्यांपेक्षा विहिरी आणि बोअरवरच जास्त उभं राहिलं, आणि खेड्यांतलं पिण्याचं पाणीही बहुतांशी तिथूनच येतं. वार्षिक पुनर्भरणाच्या, म्हणजे दरवर्षी जमिनीत नव्याने मुरणाऱ्या पाण्याच्या तुलनेत देशाचा सरासरी उपसा ६० टक्क्यांच्या आसपास आहे. हा आकडा ऐकून पुष्कळांना हायसं वाटतं. पण पंजाब, हरियाणा, राजस्थानात उपसा पुनर्भरणाच्या पुढे गेला आहे. महाराष्ट्राची सरासरी बरी दिसली तरी वरूड-मोर्शीचा संत्रा पट्टा किंवा रावेर-यावलचा केळी पट्टा यांची अवस्था सरासरीत दिसत नाही. भूजल सरासरीने वापरलं जात नाही. ते त्या त्या शिवारातलं असतं आणि तिथेच संपतं.

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा. विहीर खोदणाऱ्यांना त्याचे थर तोंडपाठ असतात: वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग कठीण काळा पाषाण, मध्येच गेरूचा लाल पट्टा. पाणी साठतं ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. हा खडक आपल्या घनफळाच्या जेमतेम एक ते तीन टक्के पाणी देतो. म्हणजे साठा लहान, चांगल्या पावसाळ्यात भरणारा आणि वेगाने उपसलं तर पुढच्या पावसाळ्याच्या पुष्कळ आधी रिकामा होणारा. त्याच्या खाली सहाशे-आठशे फुटांवर बोअरला जे पाणी लागतं, ते बहुतेक वेळा वरच्याच थरातून भेगांवाटे उतरलेलं असतं, नाही तर कित्येक वर्षांत हळूहळू साचलेलं असतं. नव्या बोअरला पाणी लागलं म्हणून पेढे वाटले जातात, तेव्हा शेजारच्या दोन विहिरी आटायला सुरुवात झालेली असते. सगळ्या शिवाराचं एकच सामाईक बँक खातं असावं, प्रत्येकाकडे स्वतंत्र चेकबुक असावं आणि शिल्लक किती हे कोणी विचारू नये, तशी ही स्थिती आहे.

या खडकाचा एक फायदाही आहे. साठा लहान आणि दरवर्षी भरणारा असल्यामुळे गावाच्या पातळीवर त्याचा हिशेब मांडता येतो. पंजाबच्या खोल गाळात एका गावाने काटकसर केली तर त्याचं फळ तिथे दिसायला फार काळ लागेल. आपल्याकडे ते पुढच्याच उन्हाळ्यात दिसतं. निसर्गाने ही सोय दिलेली असताना आपण ती वापरत नाही, म्हणून मला यातले अडथळे जास्त बोचतात.

पहिला अडथळा कायद्यात आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमानुसार जमिनीखाली जे पाणी निश्चित प्रवाहातून वाहत नाही, ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि वापरण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. तेव्हा मोट होती. बैलांची ताकदच उपशाला मर्यादा घालत होती. नंतर डिझेल इंजिन आलं, विजेची मोटर आली, सबमर्सिबल आला, बोअरची गाडी आली. हक्काची कल्पना मात्र तीच राहिली. याचा दुसरा अर्थ असा की ज्याला जमीन नाही त्याला भूजलावर हक्क नाही, आणि ज्याची ऐपत खोल जायची त्याचा हक्क प्रत्यक्षात सर्वांत मोठा.

पाणी हा राज्यांचा विषय. केंद्राने १९७० मध्ये भूजल नियंत्रणाचा नमुना कायदा राज्यांना पाठवला आणि १९९२, १९९६, २००५ मध्ये तो सुधारून पुन्हा पाठवला. महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यापुरता कायदा केला: सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायची नाही. त्यानंतर २००९ चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम आला. विधिमंडळाने केलेला हा कायदा प्रत्यक्षात १ जून २०१४ पासून लागू झाला आणि त्याच्या नियमांचा मसुदा लोकांपुढे यायला २०१८ उजाडलं. कायदा कागदावर चांगला आहे. विहिरींची नोंदणी, अधिसूचित क्षेत्रात पीक नियोजन, पाणलोट क्षेत्र पातळीवरच्या समित्या, शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअरला मनाई, हे सगळं त्यात आहे.

६० मीटर म्हणजे सुमारे दोनशे फूट. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात उन्हाळ्यात जाऊन बोअर किती खोल आहेत ते विचारा. पाचशे फुटांच्या आतला आकडा क्वचित ऐकू येईल. तमिळनाडूतून आलेल्या गाड्या रात्रभर चालतात, फुटावर दर ठरतो, पहाटेपर्यंत शेतकऱ्याचे लाखभर रुपये त्या भोकात जातात आणि पुष्कळदा नुसता फुफाटा वर येतो. हे चोरून होत नाही. सगळ्या गावाच्या देखत होतं. तलाठ्याला ठाऊक असतं, सरपंचांना ठाऊक असतं, कारण त्यांच्याही शेतात बोअर असतात.

कायदा मोडणाऱ्याविरुद्ध तक्रार करायची कोणी? १९९३ च्या कायद्यात पिण्याच्या स्रोताला धोका झाला की तक्रार ग्रामपंचायतीकडून येणार असं गृहीत होतं. गावात राहून भावकीतल्या माणसाविरुद्ध लेखी तक्रार करायची, पुढची निवडणूक त्याच्या मतांवर लढवायची आणि त्याच्याच टँकरवर उन्हाळा काढायचा, हे एकाच सरपंचाकडून कसं होणार? कायदा लिहिणाऱ्यांनी गावाचा नकाशा पाहिला होता, गावातली नाती विचारात घेतली नव्हती. सामाजिक आणि संस्थात्मक असे दोन वेगळे अडथळे पुस्तकात असतात. गावात ते असे एकमेकांत गुंतलेले असतात.

समाजाचं जरा खोलात जाऊन सांगतो, कारण ‘लोकांची मानसिकता’ म्हणून हा विषय फार लवकर गुंडाळला जातो. ‘साहेब, मी नाही उपसलं तर शेजारचा उपसणारच’ हे वाक्य ग्रामसभेत हमखास ऐकू येतं, आणि ते खरं आहे. आपण सोडलेलं पाणी आपल्यासाठी खडकात थांबून राहणार नाही हे त्याला पक्कं माहीत असतं. त्याला जाणीव देऊन काही बदलत नाही. शेजारीही थांबेल याची खात्री त्याला हवी असते, आणि ती खात्री देणारं कोणी नसतं. त्यात प्रतिष्ठेचा भाग आहे. बागायतदार या शब्दाला गावात वजन आहे. सोयरीक जमवताना शिवारात पाणी आहे का हे विचारलं जातं. शेतीच्या वाटण्यांत एका विहिरीचे चार हिस्सेदार होतात, पाळ्या लागतात, पाळीवरून भांडणं होतात, आणि मग प्रत्येक भाऊ स्वतःचा बोअर घेतो. तुटलेल्या भावकीतून उभे राहिलेले बोअर मी पुष्कळ पाहिले आहेत.

या शर्यतीत सगळे सारखे नसतात. सत्तर फुटांची बांधीव विहीर असलेला दोन एकरवाला आधी बाहेर पडतो. त्याची विहीर कोरडी पडली की तो कर्ज काढून बोअर घेतो, तो फेल गेला की दुसरा घेतो. सावकाराच्या वहीत या बोअरचे आकडे असतात, आपल्या सर्वेक्षणात ते येत नाहीत. भूजलाचा ऱ्हास हा अशा रीतीने गरिबाकडून सधनाकडे पाणी सरकवणारा व्यवहार आहे. पर्यावरणाचा विषय म्हणून तो वेगळ्या खणात ठेवला की ही बाजू दिसेनाशी होते.

मग ठरवायच्या वेळी कोण हजर असतं? पाणी वापर संस्थेचं सभासदत्व सातबाऱ्यावर चालतं. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीधारकांत स्त्रिया सुमारे १४ टक्के होत्या. घरात पाणी भरणारी, हंडा वाहणारी, जनावराला पाजणारी बाई पाण्याच्या संस्थेत मतदार नसते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे आणि त्याचा उपयोग नळयोजनांत मी पाहिला आहे. शेतीच्या पाण्याचा विषय निघाला की मात्र बोलणारे बदलतात. भूमिहीनांची गोष्ट त्याहून अवघड. पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये विहिरींची पातळी मोजून रब्बीसाठी पाण्याचा ताळेबंद, म्हणजे जमाखर्च, मांडायचा असतो. नेमक्या त्याच सुमारास, दसरा-दिवाळीच्या आगेमागे, बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली ऊसतोड मजुरांची कुटुंबं कोयते घेऊन गाव सोडतात. ज्यांना मार्च-एप्रिलमध्ये परत येऊन कोरड्या आडासमोर उभं राहायचं असतं, तीच माणसं पाण्याचा निर्णय होताना गावात नसतात. आणि दलित वस्तीचा प्रश्न जुनाच आहे. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर जो हक्क मागावा लागला तो सार्वजनिक पाणवठ्यावरचा होता. आज सार्वजनिक विहीर आटली की उरतं ते खासगी बोअरचं पाणी, आणि ते कोणाला द्यायचं हे मालक ठरवतो.

आता उसाकडे वळतो. राज्याच्या लागवडीखालच्या जेमतेम चार टक्के क्षेत्रावर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यात त्याचा वाटा निम्म्याहून जास्त आहे. यावरून शेतकऱ्याला दोष देणारे लेख दर दुष्काळात येतात. मला ते पटत नाही. उसाला कायद्याने बांधलेला रास्त आणि किफायतशीर दर आहे. २०२४-२५ च्या हंगामाला तो १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होता. कारखाना ऊस तोडून नेतो. सोसायटी कर्ज देते, कारण वसुली बिलातून होते. गारपिटीत ऊस उभा राहतो, डाळिंब राहत नाही. याउलट तुरीचं पाहा. २०१६-१७ मध्ये पाऊस चांगला झाला, सरकारनेच डाळी पेरा म्हणून सांगितलं होतं, आणि तूर घरात आली तेव्हा बाजारभाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाच्या खूप खाली गेला. खरेदी केंद्रांपुढे दिवसेंदिवस गाड्यांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, खरेदी थांबली, पुन्हा सुरू झाली. त्या शेतकऱ्याने पुढच्या वर्षी ऊस लावला तर तो शहाणपणानेच लावला. कमी पाण्याच्या पिकाला उसाइतका भरवशाचा गिऱ्हाईक मिळाल्याशिवाय पीक पद्धत बदला हा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

विजेचंही असंच. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून शेतीपंपांना मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर आकारणी सुरू झाली. एकदा हॉर्सपॉवरचे पैसे भरले की पंप तासभर चालवा नाही तर रात्रभर, बिल तेच. २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या सुमारे ४४ लाख शेतीपंपांना वीज मोफत आहे. पण वीज मिळते ती आठवड्याचे काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, तीही मध्येच जाणारी. म्हणून प्रत्येक पेटीत ऑटो स्विच बसवलेला असतो: लाइट आली की मोटर आपोआप सुरू, पिकाला गरज असो वा नसो. थंडीत, अंधारात, सापविंचवात बारं देणाऱ्या माणसाकडून काटेकोर पाणी द्यायची अपेक्षा मी करू शकत नाही. फुकट विजेने पाणी वाया जातं हे अर्धं खरं आहे. बेभरवशाच्या विजेने त्याहून जास्त जातं.

आता सरकारी खात्यांकडे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास उभी राहिली. राज्याची १,५३१ पाणलोट क्षेत्रं तिने आखली, निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते, आणि इतक्या वर्षांची ही नोंद ही राज्याची मोठी संपत्ती आहे. ही यंत्रणा पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाखाली येते. धरणं आणि कालवे जलसंपदाकडे. बंधारे मृद व जलसंधारणाकडे. पीक आणि ठिबक कृषीकडे. पंपाची जोडणी महावितरणकडे. कारखान्यांचे परवाने सहकार आणि साखर आयुक्तांकडे. पीक पाहणी महसूलकडे. रोजगार हमीतली विहीर पंचायत समितीकडे. एखादं पाणलोट क्षेत्र अतिशोषित आहे, म्हणजे तिथला उपसा पुनर्भरणाहून जास्त आहे, असा अहवाल पहिल्या खात्याने दिला, तरी त्याच शिवारात वीजजोडणी, विहिरीचं अनुदान, शेततळं आणि नव्या फळबागेला मंजुरी उरलेल्या खात्यांतून मिळत राहते. कोणीही नियम मोडलेला नसतो. प्रत्येकाचं उद्दिष्ट वेगळं असतं आणि ते पूर्ण झाल्याचा अहवाल ३१ मार्चला जातो. भूजल पातळी टिकवणं हे यातल्या एकाही खात्याच्या उद्दिष्टपत्रकात नसतं.

वरच्या पातळीवरही चित्र वेगळं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९७ मध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरण स्थापन झालं. त्याच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत शेतीला परवानगीतून सूट आहे. म्हणजे ८७ टक्के उपसा नियमनाच्या बाहेर. केंद्रीय जल आयोग आणि केंद्रीय भूजल मंडळ एकत्र करून राष्ट्रीय जल आयोग करावा अशी शिफारस मिहिर शहा समितीने २०१६ मध्ये केली. पृष्ठजल आणि भूजल हे एकच पाणी आहे, नदीचा उन्हाळी प्रवाह भूजलातूनच येतो, एवढं साधं शास्त्र त्यामागे होतं. शिफारस तशीच राहिली. आपल्या राज्यात २००५ च्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं. त्या कायद्यानुसार एकात्मिक राज्य जल आराखडा आधी व्हायला हवा होता. राज्य जल परिषदेची पहिली बैठकच २०१३ मध्ये झाली, जनहित याचिकेवर औरंगाबाद खंडपीठाला लक्ष घालावं लागलं आणि आराखडा मंजूर व्हायला २०१८ आलं. २००९ च्या कायद्याने याच प्राधिकरणाला राज्य भूजल प्राधिकरणाचं काम दिलं. राज्यातल्या लाखो विहिरींसाठी मुंबईतलं एक प्राधिकरण आणि गावात त्याचं कोणीही नाही, हा रचनेतलाच दोष आहे.

पैसा कुठे जातो हेही पाहायला हवं. पाणी वाढवणारं काम दिसतं, मोजता येतं, त्याचं उद्घाटन होतं. उपसा कमी करणाऱ्या कामाचा फोटो निघत नाही. जलयुक्त शिवार अभियानावर साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च झाला आणि पाण्याची उपलब्धता व भूजल पातळी वाढवण्याचा हेतू फारसा साधला गेला नाही, असं महालेखापरीक्षकांनी २०२० च्या अहवालात नोंदवलं. अभियानात काही गावांत उत्तम कामं झाली आहेत, ती मी पाहिली आहेत. पण मुरलेल्या पाण्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. नाला रुंद-खोल झाला, विहिरींना दोन महिने जास्त पाणी आलं, आणि त्या दोन महिन्यांच्या जोरावर शिवारात ऊस आणि बोअर वाढले.

शेततळ्यांबाबत तर मला फारच काळजी वाटते. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला शेततळं, ही कल्पना योग्य आहे. प्रत्यक्षात अस्तरीकरण केलेली पुष्कळ तळी बोअर आणि विहिरींच्या पाण्याने भरली जातात. म्हणजे जमिनीखालचं, सूर्यापासून सुरक्षित असलेलं सामाईक पाणी उपसून प्लॅस्टिकच्या कागदावर उघड्यावर ठेवायचं, ते एकाचं करायचं, वर बाष्पीभवनाला द्यायचं. आणि त्यासाठी सरकारी अनुदान! फळबाग वाचवणाऱ्या शेतकऱ्याचा त्यात मोठा फायदा असतो, म्हणून याविरुद्ध गावात कोणी बोलत नाही.

जिथे जमलं तिथे काय वेगळं होतं? हिवरे बाजारचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, पाणलोटाची कामं केली हे सांगितलं जातं. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीत काय घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. आधी पिण्याचं पाणी, मग जनावरांचं, मग उरेल ते शेतीचं. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेली पाणी पंचायत तर याहून मूलगामी होती. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचं, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, ऊस नाही, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. १८८२ च्या कायद्याने जे बांधून ठेवलं होतं ते पुण्याजवळच्या दुष्काळी गावांनी सोडवून दाखवलं. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम नद्यांवरची फड पद्धत त्याच्याही आधीची. शेकडो वर्षं शेतकऱ्यांनी नेमलेले पाटकरी आणि जागले पाणी वाटत आले. कोणत्या फडात, म्हणजे शेतांच्या कोणत्या गटात, कोणतं पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं.

या तिन्ही ठिकाणी मोजणारे, ठरवणारे आणि भोगणारे एकच लोक होते. मग हे पसरलं का नाही, असं मला नेहमी विचारलं जातं. नेतृत्व लागतं हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. हिवरे बाजारचा बोअरबंदीचा नियम गावाच्या शब्दावर उभा आहे. शेजारच्या गावात एका सधन माणसाने तो मोडला तर ग्रामसभा त्याला थांबवू शकत नाही, कारण कायद्याने पाणी त्याचं आहे. असाधारण माणसं असलेल्या गावांतच टिकेल अशी व्यवस्था आपण इतर हजारो गावांकडून मागतो आहोत.

अटल भूजल योजनेने २०१९ पासून सात राज्यांत, महाराष्ट्रातल्या १३ जिल्ह्यांत, गावोगावी जलताळेबंद करायला लावले. सहा हजार कोटींची योजना, निम्मे पैसे जागतिक बँकेच्या कर्जातून. तिच्याबद्दल मी आदराने बोलतो, कारण ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ‘उपलब्ध पाणी एवढं, लागणारं पाणी एवढं, तूट एवढी’ असं लिहिलेलं मी त्याआधी इतक्या गावांत पाहिलं नव्हतं. मुली शिकून पर्जन्यमापक वाचू लागल्या. पण तूट भिंतीवर लिहून झाली की पुढे काय करायचं याचा अधिकार गावाकडे नाही, आणि योजनेला मुदत असते.

मला विचाराल तर पहिली गोष्ट हीच: २००९ च्या कायद्यातला अधिकार खाली आणा. ग्रामसभेने ऑक्टोबरमध्ये मंजूर केलेला ताळेबंद वीज कंपनी, बँक, कृषी कार्यालय आणि पंचायत समिती यांच्यावर बंधनकारक करा, म्हणजे तूट असलेल्या गावात नवी जोडणी, नव्या बोअरचं कर्ज, अस्तराच्या तळ्याचं अनुदान त्या वर्षी मिळणार नाही. ‘नाही’ म्हणण्याचं ओझं सरपंचावर न टाकता खात्यांवर टाका; तिथे भावकी आड येत नाही. दुसरी गोष्ट, ज्वारी, तूर, हरभरा यांची खरेदी अशा गावांतून आधी आणि पूर्ण करा. ताळेबंदाची ग्रामसभा दसऱ्याच्या आत घ्या, तोडणीची टोळी निघण्यापूर्वी, आणि पाणी वापर संस्थेच्या सभासदत्वाला सातबाऱ्याची अट ठेवू नका.

तिसरी गोष्ट तातडीची आहे. सौरपंप वेगाने बसताहेत. दिवसा वीज मिळते, रात्रीचं जागरण संपतं, म्हणून मी त्याच्या बाजूचा आहे. पण एकदा बसलेला सौरपंप सूर्य आहे तोवर फुकट चालतो आणि त्यावर कोणाचंही नियंत्रण उरत नाही. यावर उत्तर शोधलं गेलं आहे. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६ मध्ये सौरपंपधारकांनी सहकारी संस्था करून उरलेली वीज कंपनीला विकायला सुरुवात केली, आणि २०१८ मध्ये त्याच विचारावर गुजरात सरकारने सूर्यशक्ती किसान योजना आणली. त्याच वर्षी पंजाबने वीज वाचवणाऱ्या शेतकऱ्याला युनिटमागे चार रुपये द्यायची योजना सुरू केली. पाणी न उपसण्याचे पैसे मिळू लागले की शेतकरी हिशेब लगेच करतो. आपल्याकडे ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतले पंप वीजवाहिनीला जोडलेले नसतात, त्यामुळे उरलेली वीज विकायची वाटच नाही. निदान अतिशोषित पाणलोटांत तरी पंप वाहिनीला जोडलेला असावा, लाभार्थी गटाने यावा आणि गावाच्या ताळेबंदाची अट मंजुरीच्या पत्रातच लिहिलेली असावी. पंप बसून दोन उन्हाळे गेले की ही अट कोणत्याही सरकारला घालता येणार नाही.